व्हिन्सेंट रॅपीड

व्हिन्सेंट रॅपीड : दूर पल्ल्याच्या वेगवान प्रवासासाठी इंग्लंडमध्ये तयार झालेली दोन सिलिंडरांची मोटारसायकल. एंजिनाची क्षमता ९९८ घ.सेंमी. हार्टफर्डशर परगण्यातील स्टीव्हनेज येथील कारखान्यात १९३६–३९ आणि १९४६–५५ अशा दोन कालखंडांत तिचे उत्पादन झाले. ‘रॅपीड’ या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ वेगवान असा आहे. मागील चाकास स्प्रिंगांचा आधार, एंजिनाचाच सांगाडा म्हणून उपयोग, हत्यारांशिवाय काढता येणारी चाके आणि अखेरच्या काळात संपूर्ण आच्छादन ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होत. यांपैकी काही गोष्टी इतर उत्पादकांनी बऱ्याच वर्षांनंतर स्वीकारल्या. मात्र जिच्या अभिकल्पाची इतकी प्रशंसा झाली, ती मोटारसायकल बनविणाऱ्या कंपनीला तोट्यामुळे हा धंदा सोडावा लागला. अभिकल्पाची उत्कृष्टता आणि उत्पादनाचे अर्थकारण यांची सांगड न बसल्यास काय होते, याचे रॅपीडचा इतिहास हे बोलके उदाहरण आहे.

पूर्वपीठिका : हॉवर्ड रेमंड डेव्हिस (१८९५–१९७३) या इंग्रज शर्यतपटूने १९२४ मध्ये आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून एच. आर. डी. मोटर्स ही कंपनी वुल्व्हरहँप्टन येथे काढली. स्वतः बनविलेल्या मोटारसायकलीवर त्याने १९२५ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरील टूरिस्ट ट्रॉफी ही प्रतिष्ठेची शर्यत जिंकली. तथापि कंपनीचा व्यवहार किफायतशीर ठरला नाही आणि १९२८ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी तिचे नाव फिलिप कॉनरॅड व्हिन्सेंट (१४ मार्च १९०८–२७ मार्च १९७९) या विशीतील तरुणाने विकत घेतले. व्हिन्सेंट यांचा जन्म इंग्लंडमध्ये झाला. पण बालपण अर्जेंटिनात वडिलांच्या गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर गेले. हॅरो येथील शालेय शिक्षणानंतर ते केंब्रिज विद्यापीठात यांत्रिकी शास्त्रांचा अभ्यास करीत होते. वडिलांनी दिलेल्या भांडवलावर त्यांनी स्टीव्हनेज येथे ‘व्हिन्सेंट एच. आर. डी.’ हा कारखाना सुरू केला. अनोळखी नावापेक्षा शर्यत जिंकलेले नाव ग्राहकांच्या विश्वासास अधिक पात्र ठरेल, असा त्यामागील विचार होता.

त्या काळातील बहुतेक मोटारसायकलींचे मागील चाक सांगाड्यास घट्ट जोडलेले असे. त्यामुळे रस्त्यावरील प्रत्येक धक्का स्वाराच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचत असे. व्हिन्सेंट यांनी मागील चाकासाठी एक त्रिकोणी चिमटा योजला. हा चिमटा खालच्या बाजूस दंतचक्रपेटीजवळ बिजागरीसारखा फिरे आणि त्याचे वरचे टोक बैठकीखाली बसविलेल्या स्प्रिंगांवर दाबले जाई. खड्ड्यातून जाताना चाक वर उचलले गेले, तरी धक्का स्प्रिंगांत शोषला जाई व चाकाची जमिनीवरील पकड सुटत नसे. या रचनेचे एकस्व त्यांनी १९२८ मध्येच घेतले. ग्राहकांचा मात्र ‘हलणाऱ्या’ मागील चाकावर सहजासहजी विश्वास बसेना. तशा चाकामुळे मोटारसायकल वळणावर डगमगते, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. त्यामुळे प्रारंभीची काही वर्षे विक्री अगदी थोडी झाली.

फिलिप एडवर्ड अर्व्हिंग (१९०३–९२) हे ऑस्ट्रेलियन अभियंते १९३१ मध्ये कारखान्यात दाखल झाले. सुरुवातीस कंपनी बाहेरून विकत घेतलेली एंजिने वापरीत असे. १९३४ च्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत अशी एंजिने बसविलेल्या तिच्या मोटारसायकली एंजिनातील बिघाडामुळे मध्येच थांबल्या. त्यानंतर स्वतःचेच एंजिन बनविण्याचे व्हिन्सेंट व अर्व्हिंग यांनी ठरविले आणि काही महिन्यांतच ४९९ घ.सेंमी. क्षमतेचे एक-सिलिंडर एंजिन सिद्ध केले. त्याच्या सिलिंडराचा व्यास ८४ मिमी. व दट्ट्याचा धाव-पल्ला ९० मिमी. होता. झडपा उघडणारा कॅमदंड त्यात उंचावर बसविल्याने ढकलदांडे आखूड व हलके झाले. प्रत्येक झडपेच्या दांड्याला दोन मार्गदर्शक नळ्या देऊन उघडझाप करणारी तरफ त्या दोहोंच्या मधोमध कार्य करील अशी योजना होती. यामुळे झडपेच्या टोकावर बाजूचा दाब पडत नसे आणि तिच्या स्प्रिंगा उष्णतेपासून दूर राहत. हीच मांडणी पुढे रॅपीडच्या एंजिनातही कायम राहिली.

पहिली रॅपीड : रॅपीडचा उगम एका योगायोगात असल्याचे सांगितले जाते. १९३६ मध्ये एक-सिलिंडर एंजिनाच्या आरेखनावर त्याचाच पारदर्शक कागदावरील आराखडा तिरपा पडलेला अर्व्हिंग यांच्या दृष्टीस पडला. दोन सिलिंडरे इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे एकाच भुजादंडावर सहज बसू शकतील, हे त्यावरून त्यांच्या लक्षात आले. उपलब्ध सिलिंडरे, झडपा व दट्टे तसेच वापरून फक्त नवी भुजादंडपेटी बनविली की दुप्पट क्षमतेचे एंजिन तयार होणार होते. ही मोटारसायकल त्याच वर्षी लंडनमधील ऑलिंपिया प्रदर्शनात मांडण्यात आली. तिची शक्ती सु. ४५ अश्वशक्ती आणि कमाल वेग ताशी सु. १७७ किमी. होता. नेहमीच्या रस्त्यांवर चालविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या वाहनाच्या दृष्टीने त्या काळी हा वेग असामान्य होता.

या पहिल्या, म्हणजे ‘ए’ मालिकेतील रॅपीडमध्ये काही उणिवा होत्या. वंगणतेल वाहून नेणाऱ्या नळ्या एंजिनाच्या बाहेरून वेड्यावाकड्या फिरत असल्याने ‘नळकाम करणाऱ्याचे दुःस्वप्न’ अशी तिची थट्टा होई. बाहेरून घेतलेला क्लच व दंतचक्रपेटी या एंजिनाच्या जोरापुढे टिकत नसत. १९३९ मध्ये महायुद्धामुळे उत्पादन थांबले, तोवर अशा सु. ७८ मोटारसायकली तयार झाल्या होत्या. म्हणूनच ‘ए’ मालिकेतील रॅपीड ही संग्राहकांच्या दृष्टीने अत्यंत दुर्मिळ वस्तू मानली जाते.

युद्धोत्तर रॅपीड : युद्धकाळात कारखान्यात लष्करी साहित्य बनत होते. अर्व्हिंग १९३७ मध्ये दुसऱ्या कंपनीत गेले होते, ते १९४३ मध्ये परतले आणि युद्धोत्तर रॅपीडचा आराखडा दोघांनी मिळून आखला. १९४६ मध्ये अवतरलेली ही ‘बी’ मालिका जुन्या रॅपीडची सुधारित आवृत्ती नव्हती. नाव आणि सिलिंडरांची मापे सोडली, तर तिच्यातील जवळजवळ सर्व काही नव्याने योजलेले होते.

मोटारसायकलीचा सांगाडा सामान्यतः पोलादी नळ्यांचा असतो व एंजिन त्यात टांगलेले असते. रॅपीडच्या अभिकल्पकांनी हा क्रम उलटा केला. दोन सिलिंडरांमधील कोन ५०° ठेवून एंजिन व दंतचक्रपेटी एकाच ओतीव मिश्रधातूच्या कवचात बसविली. एंजिनाच्या माथ्यावर पोलादी पत्र्याची एक पोकळ पेटी बोल्टांनी जोडली. पेटीच्या पुढील टोकास सुकाणूचा भाग आणि मागील टोकास स्प्रिंगा होत्या. मागील त्रिकोणी चिमटा थेट दंतचक्रपेटीच्या मागे अडकविलेला होता. अशा प्रकारे भार पेलण्याचे काम एंजिनाकडे आले आणि खालील सर्व नळ्या अनावश्यक ठरल्या. पोकळ पेटीत सु. साडेतीन लिटर वंगणतेल मावत असे. त्यामुळे वेगळ्या तेलटाकीची गरज राहिली नाही. दोन चाकांच्या आसांमधील अंतर १·४३५ मी. इतके कमी झाले. एक लिटर क्षमतेच्या एंजिनाची ही मोटारसायकल आकाराने निम्म्या क्षमतेच्या मोटारसायकलीएवढीच होती. तिचे वजन सु. २०६ किग्रॅ. भरे. पुढच्या सिलिंडरामुळे मागच्या सिलिंडराची हवा अडू नये म्हणून दोन्ही सिलिंडरे एका रेषेत न ठेवता किंचित बाजूला सरकविलेली होती.

एंजिनाची शक्ती पूर्वीप्रमाणेच ४५ अश्वशक्ती ठेवली होती. युद्धानंतर ब्रिटनमध्ये काही वर्षे हलक्या प्रतीचे पेट्रोलच मिळत असे. त्यावर विनातक्रार चालावे म्हणून संपीडन गुणोत्तरही कमी ठेवले होते. रॅपीडचे खरे सामर्थ्य तिच्या कमाल वेगापेक्षा संथपणात होते. चौथ्या दंतचक्रात ताशी १०० किमी. वेगाने जाताना तिचा भुजादंड मिनिटाला जेमतेम २,८५० फेरे घेई, तर ताशी १६० किमी. वेगास फेऱ्यांची संख्या सु. ४,६०० होई. लहान एंजिनाला ज्या वेगासाठी धापा टाकाव्या लागत, त्या वेगाने रॅपीड दिवसभर विनासायास धावू शकत असे. परिणामी यंत्राची झीज कमी होई, इंधनाची बचत होई आणि स्वाराला कंपने व आवाज यांचा शीण येत नसे.

प्रवाशाच्या सोयी : व्हिन्सेंट स्वतः मोटारसायकलीवरून दूरदूरचे प्रवास करीत. रस्त्यात चाक पंक्चर झाले, पाऊस लागला किंवा जोडगाडी लावावी लागली, तर स्वाराची अडचण कोणती होते, याचा त्यांनी बारकाईने विचार केला होता. दोन्ही चाकांच्या आसांना आडवी मूठ असून ती हाताने फिरविली की पान्याशिवाय चाक निघे. साखळीचा ताणही हातानेच जुळविता येई. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस वेगवेगळ्या आकारांची दंतचक्रे बसविता येत. चाक उलटे फिरवून बसविले की एकट्याच्या प्रवासासाठी ठेवलेले गुणोत्तर जोडगाडी ओढण्यास योग्य असे बदले. प्रत्येक चाकास दोन याप्रमाणे चार गतिरोधक होते. पायटेकणी, गतिरोधकाचे पाऊलपट्टे व दंतचक्र बदलण्याची तरफ स्वाराच्या उंचीप्रमाणे मागेपुढे करता येत. गाडी उभी करण्यासाठी डावीउजवीकडे स्वतंत्र टेकू होते आणि बैठकीखाली हत्यारांचा खण होता. गंजू नयेत म्हणून अनेक लहान भाग निष्कलंक पोलादाचे केलेले होते. क्लचची रचना अशी होती की एंजिनाच्या जोरानेच त्याची पकड घट्ट होई. त्यामुळे एवढ्या शक्तिमान एंजिनाचा क्लच दोन बोटांनी दाबता येत असे. मात्र त्यात तेल झिरपल्यास तो घसरू लागे, हा त्याचा परिचित दोष होता.

१९४८ मध्ये सुरू झालेल्या ‘सी’ मालिकेत पुढील चाकासाठी ‘गर्ड्रॉलिक’ नावाचा नवा चिमटा आला. त्या सुमारास इतर कंपन्या दुर्बिणीप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या चिमट्याकडे वळल्या होत्या. जोडगाडीच्या ओढीने अशा नळ्या बाजूस लवतात, असे व्हिन्सेंट व अर्व्हिंग यांचे मत होते. म्हणून त्यांनी हलक्या मिश्रधातूच्या घडीव पात्यांचा, द्रवीय शामक असलेला चिमटा योजला. जोडगाडी लावताना त्याची भूमिती लहानशा फेरफाराने बदलता येत असे.

वेगवान प्रकार : १९४८ मध्येच रॅपीडवरून ‘ब्लॅक शॅडो’ हा अधिक वेगवान प्रकार निघाला. काळ्या लेपाचे एंजिन आणि मोठ्या तबकडीचा वेगमापक यांमुळे तो लांबूनही ओळखू येई. त्याची शक्ती ५५ अश्वशक्ती व कमाल वेग ताशी सु. २०० किमी. होता. केवळ शर्यतींसाठी असलेला ‘ब्लॅक लाइटनिंग’ हा प्रकार सु. ३० इतकाच बनला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील बॉनव्हिल येथील मिठाच्या सपाट मैदानावर रोलंड फ्री यांनी खास तयार केलेल्या व्हिन्सेंटवर ताशी १५०·३१३ मैल (सु. २४२ किमी.) वेग गाठला. हवेचा रोध कमी व्हावा म्हणून ते फक्त पोहण्याची चड्डी घालून यंत्रावर पालथे पसरले होते. त्या वेळचे त्यांचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. या विक्रमामुळे व्हिन्सेंटचे नाव वेगाशी कायमचे जोडले गेले आणि तिची प्रवासी मोटारसायकल ही मूळ ओळख काहीशी मागे पडली. अमेरिकेत हार्ली-डेव्हिडसन या नावाशी घोटाळा होऊ नये म्हणून १९४९ च्या सुमारास ‘एच. आर. डी.’ ही अक्षरे वगळून फक्त ‘व्हिन्सेंट’ हे नाव ठेवण्यात आले.

आर्थिक अडचणी : कीर्ती वाढत असताना कंपनीची आर्थिक स्थिती मात्र खालावत होती. व्हिन्सेंट यांना १९४७ मध्ये मोटारसायकलीच्या चाचणीत अपघात होऊन डोक्यास गंभीर दुखापत झाली. १९४९ मध्ये कंपनीचा कारभार धनकोंच्या वतीने नेमलेल्या प्रशासकाच्या देखरेखीखाली गेला आणि त्याच वर्षी अर्व्हिंग कंपनी सोडून गेले. अडचणीचे मूळ अभिकल्पातच होते. रॅपीडमधील प्रत्येक सोय म्हणजे आणखी काही सुटे भाग, आणखी यंत्रण आणि कुशल कामगाराचे आणखी काही तास. १९३७ मध्ये ट्रायंफ कंपनीने दोन सिलिंडरे शेजारी शेजारी उभी ठेवलेले ५०० घ.सेंमी.चे स्वस्त व आटोपशीर एंजिन बाजारात आणले होते. युद्धानंतर बहुतेक ब्रिटिश कंपन्यांनी त्याच धर्तीची एंजिने मोठ्या संख्येने काढली. त्यांच्यात रॅपीडचा सहज संथपणा नव्हता. पण किंमत बेताची होती. महायुद्धोत्तर दहा वर्षांत स्टीव्हनेज येथे एक-सिलिंडर प्रकार धरून एकूण सु. ११,००० मोटारसायकली तयार झाल्या. एवढ्या अल्प संख्येवर इतक्या गुंतागुंतीच्या यंत्राचा खर्च भरून निघणे कठीण होते.

ग्राहकवर्गही बदलत होता. ब्रिटनमधील पेट्रोलचे नियंत्रण १९५० मध्ये उठले आणि हळूहळू लहान मोटारगाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. १९५३ मध्ये आलेल्या फोर्ड पॉप्युलर या मोटारगाडीची किंमत करासह सु. ३९० पौंड होती. मोठ्या मोटारसायकलीच्या किमतीत थोडी भर घालून चौघांना बसता येईल असे छप्पर असलेले वाहन मिळू लागल्यावर जोडगाडीसह मोटारसायकल घेणारा कुटुंबवत्सल ग्राहक तिकडे वळणे स्वाभाविक होते.

आच्छादित मोटारसायकली : या आव्हानास व्हिन्सेंट यांनी दिलेले उत्तर त्यांच्या स्वभावास साजेसे होते. खर्च कमी करून स्वस्त मोटारसायकल काढण्याऐवजी मोटारगाडीतील निवारा मोटारसायकलीवर आणण्याचे त्यांनी ठरविले. नोव्हेंबर १९५४ मध्ये लंडनमधील अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ‘डी’ मालिका सादर झाली. तिच्यात रॅपीडचे एंजिन असलेली ‘ब्लॅक नाइट’ आणि ब्लॅक शॅडोचे एंजिन असलेली ‘ब्लॅक प्रिन्स’ यांना काचतंतू व प्लॅस्टिक यांच्या साच्यातील पूर्ण आच्छादन होते. पुढे काच, गुडघ्यांपुढे ढाली आणि मागील चाक झाकणारे कवच असल्याने पावसाचिखलातही स्वाराचे कपडे स्वच्छ राहत. आच्छादनामुळे यंत्राची स्वच्छता करण्याचे कष्टही वाचत. जड गाडी उभी करण्यासाठी बैठकीवरूनच ओढता येणारी हाततरफ दिलेली होती. दररोज कामावर जाणाऱ्या व लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या सभ्य गृहस्थाचे वाहन, ही कल्पना तिच्यात मूर्त झाली होती.

ग्राहकांना हे रूप रुचले नाही. ज्यांना यंत्राचे सौंदर्य पाहण्यात आनंद वाटे, त्यांना ते झाकलेले नको होते; ज्यांना निवारा हवा होता, त्यांनी मोटारगाडी घेतली. शिवाय काचतंतूंच्या आच्छादनाचा पहिला पुरवठा सदोष निघाल्याने उत्पादनास काही महिने उशीर झाला. कारखाना चालू ठेवण्यासाठी याच मालिकेतील काही मोटारसायकली आच्छादनाशिवाय विकाव्या लागल्या. १९५५ च्या मध्यास व्हिन्सेंट यांनी मोटारसायकलींचे उत्पादन तोट्यात चालविणे यापुढे शक्य नसल्याचे जाहीर केले. डिसेंबर १९५५ मध्ये अखेरची व्हिन्सेंट कारखान्याबाहेर पडली. त्यानंतर कंपनीने इतर अभियांत्रिकी कामे केली. पण मोटारसायकल पुन्हा बनविली नाही. अर्व्हिंग ऑस्ट्रेलियात परतले. पुढे त्यांनी अभिकल्पित केलेल्या रेप्को एंजिनाच्या बळावर जॅक ब्रॅबम यांनी १९६६ मध्ये मोटारशर्यतींचे जागतिक विजेतेपद मिळविले.

महत्त्व : रॅपीडमधील कल्पनांचे मोल पुढील काळाने ठरविले. त्रिकोणी चिमट्याची व बैठकीखालील स्प्रिंगांची तत्त्वतः तशीच रचना १९७० च्या दशकात यामाहा या जपानी कंपनीच्या मोटारसायकलींत नव्याने प्रसिद्धीस आली. भार पेलणारे एंजिन ही आज अनेक मोठ्या मोटारसायकलींतील परिचित गोष्ट आहे. कारखान्यातूनच पुढे मोठे आच्छादन घेऊन निघणारी प्रवासी मोटारसायकल १९७६ मध्ये बी. एम. डब्ल्यू. कंपनीने काढली आणि या वेळी ग्राहकांनी तिचे स्वागत केले. स्वित्झर्लंडमधील फ्रिट्झ एग्ली यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुनी व्हिन्सेंट एंजिने स्वतःच्या सांगाड्यांत बसवून त्या एंजिनाची क्षमता नव्याने सिद्ध केली.

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या व्हिन्सेंट मालकांच्या संघाने १९७० च्या दशकात सुटे भाग बनविण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. त्यामुळे मूळ कारखाना बंद पडून अनेक दशके लोटली, तरी पुष्कळ रॅपीड चालू स्थितीत आहेत आणि मालक त्यांवरून लांबचे प्रवास करतात. जानेवारी २०१८ मध्ये १९५१ सालची एक ब्लॅक लाइटनिंग अमेरिकेतील लिलावात ९,२९,००० डॉलरना विकली गेली. त्या वेळेपर्यंत कोणत्याही मोटारसायकलीला लिलावात मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती. उत्पादनाचा खर्चही ज्यांच्या विक्रीतून भरून निघत नव्हता, त्या यंत्रांचे बाजारमूल्य असे पालटले. फिलिप व्हिन्सेंट यांना मात्र हयातीत त्याचा लाभ झाला नाही. संग्रहालयात काचेमागे ठेवण्यासाठी ही मोटारसायकल बनविलेली नव्हती. रस्त्यावर एकट्या पडलेल्या स्वाराला आपल्या दोन हातांनी जे करता यावे, ते सर्व तिच्यात होते, आणि तिचे खरे महत्त्व त्यातच आहे.